नकाशातला हिरवा भाग कोणता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात शहराच्या पाण्याचं नवं वेळापत्रक नकाशासह छापून आलं. नकाशा चांगला अर्ध्या पानाचा होता. खाली लिहिलं होतं : तांबड्या भागात सोमवारी, हिरव्या भागात बुधवारी, पिवळ्या भागात शुक्रवारी. मी चष्मा पुसला. पेपर खिडकीशी नेला, मग गच्चीवर नेला. पिवळा भाग चोख दिसला. उरलेलं सगळं शहर एकाच रंगाचं होतं, आणि आमची साखर पेठ त्या उरलेल्या शहरात येते.

तक्रार म्हणाल तर एवढीच आहे आणि तिचा उपायही बिनखर्चाचा आहे. रंगासोबत त्या त्या भागावर अ, ब, क असं अक्षर टाकावं, किंवा एका भागात आडव्या रेघा आणि दुसऱ्यात ठिपके द्यावेत. पण एवढंच लिहून पाठवलं तर आपल्या कार्यालयात कुणीतरी म्हणेल, म्हाताऱ्याला चष्म्याचा नंबर तपासायला सांगा. नंबर बरोबर आहे. म्हणून सविस्तर लिहितो. पत्र लांबणार आहे. कापायचं झालं तर मधून कापा, शेवट ठेवा.

मी 1979 ते 2018 अशी 39 वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, एका चादरीच्या कारखान्यात काढली. आधी कांड्या भरायला, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायला होतो, पुढं जकार्डची कार्डं ठोकायला बसलो ते निवृत्त होईपर्यंत. ज्यांनी जकार्डचा माग पाहिला नाही त्यांना सांगतो. मागाच्या डोक्यावर एक यंत्र असतं आणि त्यातून पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. पुठ्ठ्यात जिथं भोक असेल तिथं सुई आत शिरते, हुक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, तेवढा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर, कमळ, वेलबुट्टी, अगदी ‘सोलापूर’ ही अक्षरंसुद्धा अशा भोकांतून निघतात. फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या जोसेफ मारी जकार्डनं 1804 च्या सुमारास हे यंत्र उभं केलं आणि त्याचं नाव आमच्या पूर्व भागात असं मुरलं की ते माणसाचं नाव आहे हे निम्म्या विणकरांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

डिझाइन मास्तर ग्राफच्या कागदावर चौकटी रंगवून द्यायचे. भरलेली चौकट आली की ठोकायचं, रिकामी आली की सोडायचं. ती कशानं भरलीय हे पाहायची मला कधी गरजच पडली नाही. कुठला धोटा, म्हणजे कुठल्या रंगाचं आडवं सूत, कधी चालवायचा ते नंबरांनी लिहिलेलं असे. पुठ्ठ्याला रंग नसतो. भोक असतं, नाहीतर नसतं.

तर अशा रीतीनं देशभर रंगीत चादरी पाठवणाऱ्या गावात, रंगाच्याच धंद्यात, माझी अख्खी नोकरी पार पडली आणि मला तांबडा आणि हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत हे कुणाला कळलं नाही. त्या कुणात मीही आलो.

कळलं ते दोन वर्षांपूर्वी, तेही माझ्यामुळं नव्हे. माझ्या थोरल्या मुलीचा मुलगा रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेत पास झाला. सोलापूर हे रेल्वेचं विभागीय ठिकाण, ओळखीपाळखीत प्रत्येक चौथ्या घरात रेल्वेचा माणूस, त्यामुळं या नोकरीचं मोल काय ते आमच्याकडं समजावून सांगावं लागत नाही. पेढे वाटून झाले. मग वैद्यकीय तपासणी झाली. इंजिनावर चढणाऱ्यांना ए-वन नावाची सगळ्यात कडक तपासणी असते आणि तीत पोरगा रंगांच्या पुस्तकापाशी अडला. नजर सहा बाय सहा, पण अनफिट. इथंच सांगून टाकतो की मला या नियमाशी भांडायचं नाही. हजार-पंधराशे माणसं मागं घेऊन धावणाऱ्या इंजिनात बसून सिग्नल तांबडा की हिरवा याचा अंदाज बांधत बसायचं नसतं.

पण आईबापाचा जीव ऐकतो थोडाच? ‘पुन्हा एकदा दाखवू’ म्हणून मुलगी त्याला इथल्या एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेली. सोबत मी होतो, फाइल धरायला. बाई तरुण होत्या. त्यांनी पोराला तपासलं आणि मुलीला विचारलं, “तुमच्या वडिलांना आहे का असं काही?”

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “आमच्या घराण्यात असलं कुणालाच नाही.” एवढ्या ठामपणे मी आयुष्यात फार थोडी विधानं केली असतील.

बाई हसल्या आणि म्हणाल्या, “बसा की जरा, आजोबा.” त्यांनी तेच पुस्तक माझ्यासमोर धरलं. शिनोबू इशिहारा नावाच्या जपानी नेत्रतज्ज्ञानं 1917 साली काढलेलं हे पुस्तक, पानापानांवर रंगीत ठिपक्यांची वर्तुळं, आणि त्या ठिपक्यांत लपवलेला आकडा. पहिल्या पानावर 12 होता. तो सगळ्यांनाच दिसतो, तो मुळी तपासायला नसतोच, माणसाला काय करायचंय ते कळावं म्हणून असतो. मी बारा म्हणालो आणि जरा ऐटीत बसलो.

दुसरं पान. मी म्हणालो, “तीन.”

नातू खुर्चीतून उठला. “आबा, तुम्हालापण तीन दिसतंय?”

मागून मुलगी म्हणाली, “अण्णा, उगाच त्याचं मन राखायला काहीही सांगू नका. आठ आहे तो.”

मी पुन्हा पाहिलं. तीन होता. सरळ, स्वच्छ, कुणीही वाचावा असा तीन. मी डोळे बारीक केले, मोठे केले, पुस्तक तिरपं केलं. आठ कुठून येणार? पुढच्या एका पानावर मला सत्तर दिसले, मुलीला एकोणतीस. बापलेक एकाच कागदाकडं बघत होतो आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरा चेष्टा करतोय.

इथवर मला फारसं काही वाटलं नव्हतं. परीक्षेत नापास होणं मला नवीन नाही. पण पुढं एक पान आलं. मुलगी म्हणाली, “यात काहीच नाही, नुसते ठिपके आहेत.” आणि मी नि नातू एका सुरात म्हणालो, “पाच.”

बाई म्हणाल्या, “बरोबर.”

मुलगी पुढं वाकली. “कुठं आहे पाच?”

“मलाही दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “मला हा पाच आजवर कधी दिसलेला नाही. शेवटी यादी दिलीय, या पानावर अशा माणसांना पाच दिसतो म्हणून. त्यावरून मला माहीत.”

संपादकसाहेब, त्या खोलीत शिकलेली माणसं दोन होती आणि त्या दोघींनाही तो पाच दिसत नव्हता. मला नि पोराला तो आपोआप दिसत होता. आणि तरीही त्याचा अर्थ त्या बाईंनाच माहीत होता, आम्हाला नव्हता. आम्हाला दिसत होतं पण ठाऊक नव्हतं, त्यांना ठाऊक होतं पण दिसत नव्हतं. रिक्षातून घरी येताना मी कुणाशी बोललो नाही. मुलीला वाटलं मला वाईट वाटलंय. वाईट वाटलं नव्हतं, मी तो पाच आठवत होतो. तो तिथं आहे की नाही? छापलाय तर खरा.

पुढच्या खेपेला बाईंनी नीट समजावलं. डोळ्याच्या पडद्यात रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, त्यांना कोन म्हणतात. मला हसू आलं, कारण आमच्याकडं सुताची गुंडी ज्यावर येते त्यालाही कोनच म्हणतात. मी विचारलं, माझा तिसरा कोन रिकामा आहे का? त्या म्हणाल्या, रिकामा नाही हो, त्यावर दुसऱ्याच कोनाचं सूत गुंडाळलं गेलंय. कारखान्यात न आलेल्या बाईनं इतकं नेमकं सांगावं! मला बाकी काही विचारायचं उरलं नाही. तीन कोनांतून बाकीच्यांना जे हजारो रंग मिळतात ते मी दोन सुतांत विणतो. निळा आणि पिवळा माझ्याकडं पक्के आहेत. तांबडा, हिरवा, तपकिरी, नारिंगी हे माझ्या लेखी एकाच घरातले भाऊ, कुणी जरा उजळ, कुणी जरा मळका.

हे येतं आईकडून. बाईच्या अंगात या गुणाचे दोन ताणे असतात, एक बिघडला तरी दुसरा काम चालवतो, म्हणून बायकांत हे फार क्वचित दिसतं. पुरुषाकडं एकच. बापाचा तो एकच असल्यामुळं तो प्रत्येक मुलीकडं जाणारच, आणि तिच्याकडून मुलाकडं जाईल की नाही हे नाणं उडवण्यासारखं. म्हणजे माझा माल माझ्या मुलीनं, स्वतः न वापरता, नातवापर्यंत पोचवला. हे मी तिला असंच विनोदानं सांगितलं. विनोद चालला नाही. “माझ्यामुळं पोराची नोकरी गेली” म्हणून तिनं दोन दिवस धड जेवण केलं नाही. माझी आई बार्शीकडची, तिचे वडील जोंधळ्याची शेती करायचे. त्यांना होतं का हे विचारायला आता कुणी शिल्लक नाही.

हे कळल्यावर माझं सगळं मागचं आयुष्य मला पुन्हा एकदा वाचावं लागलं, आणि खरं सांगायचं तर बराच काळ मी त्यातच रमलो होतो.

तिसरीत असताना झाडाचं पान रंगवायला सांगितलं होतं. मास्तरांनी माझी पाटी, म्हणजे वही, सगळ्या वर्गाला दाखवली. “वाळलेलं पान काढायला कुणी सांगितलं होतं रे?” मी तपकिरी खडू घेतला असणार. तेव्हापासून खडूवर नाव वाचल्याशिवाय रंग हातात घ्यायचा नाही ही सवय लागली आणि ती सवय म्हणजे माझं रंगाचं ज्ञान. पान हिरवं असतं म्हणून हिरवं म्हणायचं. रक्त तांबडं असतं म्हणून तांबडं. कुणी पानाला एकदा तांबडं म्हणायला शिकवलं असतं तर मी जन्मभर तेही तेवढ्याच खात्रीनं म्हटलं असतं.

मंडईतून मी आणलेल्या टोमॅटोंवरून आमच्या घरात 40 वर्षं कटकट आहे. “चार तांबडे, चार हिरवे, बघून आणता की डोळे मिटून?” मी म्हणायचो, घाईत होतो. सौ. म्हणायची, तुमचं लक्ष नसतं. दोघांचंही चुकत होतं आणि दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम होतो. डाळिंबाचं मात्र कधी चुकलं नाही, कारण डाळिंब मी टिचकी मारून, आवाजावरून घेतो. हुरड्याचं कणीस दाबून कळतं. जिथं डोळा लागत नाही तिथं मी गावात कुणाला हार जाणार नाही.

कारखान्यात एकदा, फार जुनी गोष्ट, मी कांडीवाल्या बाईला चुकीचे कोन काढून दिले. डाळिंबीच्या जागी शेवाळी. चिठ्ठी गळून पडली होती. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, “ध्यान कुठं असतंय तुझं?” आणि आठवड्याच्या पगारातून पैसे कापले. मला तेव्हा खरंच वाटलं की आपलं ध्यान नसतं. गंमत बघा. डोळ्याचा दोष मी 40 वर्षं स्वभावाचा दोष म्हणून वागवला. घरच्यांनीही, आणि मीही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. विणताना एखादा धागा सुटला, कुठं पीक, म्हणजे आडवा धागा, चुकलं, तर ते माझ्या नजरेला दुरून लागायचं. मास्तर चादर पसरायचे आणि मला हाक मारायचे. बाकीचे डिझाइन बघायचे, मला वीण दिसायची. तेव्हा मला वाटे हा अनुभवाचा भाग असेल. आता वाटतं, रंगानं माझं लक्षच कधी ओढलं नाही, त्यामुळं ते विणीवर राहिलं. हे नुसतं माझ्या मनचं नाही, रंगानं झाकलेली आकृती आमच्यासारख्यांना कधी कधी आधी दिसते असं प्रयोगांतही आढळलंय.

नातवानं मला मोबाइलवर बरंच वाचून दाखवलं. त्यातली एक गोष्ट मला विशेष आवडली. शाळेत डाल्टनचा अणुसिद्धांत आपण सगळ्यांनी पाठ केला. त्या जॉन डाल्टनला हेच होतं. 1792 साली, वय 26, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा निळं दिसतं आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडं, आणि इतरांना मात्र तसं काही होत नाही. भावाला तेवढं होत होतं. 1794 साली त्यानं मँचेस्टरच्या विद्वानांपुढं यावर निबंध वाचला आणि कारणही सांगितलं : आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असावं. मेल्यावर डोळे काढून बघा, असं सांगून ठेवलं. 1844 मध्ये तो गेला, डोळा उघडला, पाणी काचेसारखं स्वच्छ निघालं. डोळे जपून ठेवले होते, आणि 1995 साली त्यातल्या पेशींची तपासणी करून खरं कारण सापडलं. माझाच तो कोन. ज्यानं कुणी न पाहिलेल्या अणूबद्दल जगाला शिकवलं त्याचा स्वतःच्या डोळ्याबद्दलचा अंदाज साफ चुकला. मला यात फार बरं वाटतं, का ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट रेल्वेची. 1875 साली स्वीडनमध्ये लागरलुंडा इथं दोन गाड्यांची टक्कर झाली. होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकानं म्हटलं, रेल्वेच्या माणसाला रंग दिसत नसणार. त्यानं रेल्वेची माणसं तपासायला घेतली, आणि कशानं? रंगीत लोकरीच्या लडींनी! ही लडी घे आणि ढिगातून तिच्याशी जुळणाऱ्या निवड. तेव्हापासून जगभर रेल्वेत रंगाची परीक्षा सुरू झाली. त्या अपघाताचं कारण खरंच रंगांधळेपण होतं की नव्हतं यावर अभ्यासकांनी पुढं चांगलीच शंका घेतली आहे, पण परीक्षा राहिली ती राहिलीच. सुताच्या लडी जुळवायची परीक्षा असती तर मी 1979 सालीच पहिल्या दिवशी नापास होऊन घरी गेलो असतो.

लोक आता मला एकच विचारतात. “मग तुम्हाला सगळं काळंपांढरं दिसतं?” नाही. त्यानंतर स्वतःचा शर्ट धरून, “हा कुठला रंग सांगा?” हा प्रकार इतका झालाय की मी आता सगळ्यांना ‘मोरपंखी’ सांगतो. पण या प्रश्नाच्या मागं एक समजूत आहे, ती मला महत्त्वाची वाटते. लोकांना वाटतं की जे आपल्याला दिसत नाही तिथं आपल्याला भोक दिसत असेल, निदान डाग तरी. माझ्या जगाला भोक नाही. ते पूर्ण भरलेलं आहे, काठापासून काठापर्यंत.

पटत नसेल तर आत्ता, या पेपरच्या समासात करून बघा. पेननं एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडं चार बोटांच्या अंतरावर, म्हणजे 8 सेंटिमीटरवर, एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्यानं फुलीकडंच बघत पेपर हळूहळू जवळ आणा. फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होईल. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात ही जागा असते, तिथून दृष्टीची नस बाहेर पडते म्हणून तिथं काहीच टिपलं जात नाही. फ्रान्सच्या एदमे मारिओतनं 1660 च्या दशकात ती शोधली. त्याआधी माणूस हजारो वर्षं दोन्ही डोळ्यांत तेवढी जागा रिकामी घेऊन फिरत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. ठिपका जातो तेव्हा तिथं काळं काही उरत नाही, हे लक्षात घ्या. नुसता कागद दिसतो. मी हाच प्रयोग आमच्या पट्ट्यांच्या चादरीवर बटण ठेवून केला. बटण गेलं आणि पट्टा अखंड झाला. मेंदूनं बसल्या जागी चादर विणली, कार्ड न ठोकता.

आणि चांगले डोळे तरी किती चांगले? आमच्या कारखान्यात एकदा दोन वेगवेगळ्या लॉटचं सूत रात्रपाळीत ट्यूबलाइटखाली जुळवलं. रंगाऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांनी पाहिलं, एकच रंग. सकाळी माल उन्हात काढला तर दोन रंग. उजेड बदलला की काही रंगांची जुळणी तुटते, रंगारी लोक म्हणून नमुना दारात नेऊन बघतात, त्या रात्री दाराबाहेर अंधार होता. केवढा आरडाओरडा झाला! त्यांना रात्री एक दिसला आणि सकाळी दोन. मला रात्रीही एक, सकाळीही एक. मी गप्प उभा होतो, आणि मनात म्हणत होतो, ही माणसं कशावरून भांडतायत? पोपट-चिमण्यांच्या डोळ्यांत तर चार प्रकारचे कोन असतात म्हणे. आमच्या दारच्या लिंबावरचे राघू आपल्या सगळ्यांनाच नकाशा दाखवून हसत असतील.

माझ्या शेजारच्या मागावरचा विणकर तेलुगू बोलणारा होता. तो हळदीलाही ‘पच्च’ म्हणायचा आणि पानालाही. मी त्याला एकदा म्हटलं, अरे एक पिवळं, एक हिरवं. तो म्हणाला, असेल की, आम्ही दोन्हीला पच्च म्हणतो. आज तो असता तर सांगितलं असतं की तुझी भाषा माझ्या डोळ्याच्या जास्त जवळची आहे. मी मात्र मराठीत पहाटे कारखान्यात जाताना रोज म्हणत आलो, ‘तांबडं फुटलं.’ खोटं बोलत नव्हतो. उजाडलेलं मला दिसत होतंच.

एक आठवण सांगतो. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वर महाराजांच्या संक्रांतीच्या यात्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. नातू चार-पाच वर्षांचा असताना मी त्याला खांद्यावर घेऊन गेलो होतो. नंदीध्वजांबरोबर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं चालतात तेव्हा सगळं गाव माझ्याच डोळ्यानं बघतं असं मला आता वाटतं, पण दारूकाम म्हणजे रंगाचा कारभार. एक बाण वर गेला, फुटला, आणि गर्दी ओरडली, “तांबडा! तांबडा!” लगेच दुसरा, “हिरवा!” तांबड्यात स्ट्रॉन्शियम घालतात आणि हिरव्यात बेरियम, हे नातवाकडूनच मला पुढं कळलं. मी वर बघत होतो आणि मला सारखेच दोन पिवळट झुबके दिसले. मी पोराला विचारलं, “दिसलं का रे हिरवं?” तो म्हणाला, “आबा, दोन्ही सारखेच होते.” मी त्याला समजावलं, “नीट बघ, पहिला तांबडा होता, दुसरा हिरवा.” आणि पुढच्या बाणाला मी त्याला शिकवलं की आधी लोक काय ओरडतात ते ऐकायचं.

त्या पाऊण लाख माणसांत, किती असतील कोण जाणे, ते आकाश मी पाहत होतो तसं पाहणारा माझ्या ओळखीचा एकच जीव होता, तो माझ्या खांद्यावर बसला होता, खरं बोलत होता, आणि मी त्याला दुरुस्त करत होतो.

परवा हे मी त्याला सांगितलं. त्याला आठवत नाही. तो आता ज्या जागांना ही अट नसते अशा कारकुनी जागांसाठी अभ्यास करतोय. कुणीतरी त्याला ऑनलाइन मिळणारे चष्मे सुचवले होते. बाई म्हणाल्या, त्यानं रंगांतला फरक थोडा ठळक होईल, तिसरा कोन काही उगवणार नाही. पैसे वाचले. शाळेत कुणी चौथी-पाचवीतच ते पुस्तक त्याच्यासमोर धरलं असतं तर पोरानं इंजिनाचं स्वप्न 24 वर्षांपर्यंत वाढवलं नसतं. युरोपात शंभर पुरुषांत आठांना हे असतं, आपल्याकडं प्रमाण त्याहून कमी, तरी चादरीच्या दर कारखान्यात एखादा असेलच. तो तांबडे टोमॅटो आणायला विसरणारा, ध्यान नसलेला माणूस म्हणून ओळखला जात असेल. शाळा तपासणीचं शिक्षकांनी मनावर घ्यावं. दहा मिनिटांचं काम आहे.

चादरीबद्दल सांगायचं राहिलं. आमची सोलापुरी चादर दुहेरी विणीची, दोन्ही बाजूंनी वापरायची. एका बाजूला पांढऱ्यावर तांबडा मोर असेल तर पालटल्यावर तांबड्यावर पांढरा. गिऱ्हाईक नेहमी विचारतं, यातली सुलट कुठली? आम्ही सांगतो, जी वर ठेवाल ती.

तर नकाशाचं तेवढं बघा. पुढच्या वेळी अक्षरं टाका. या वेळी मी नकाशा घेऊन शेजारच्या वहिनींकडं गेलो. त्यांचे डोळे उत्तम आहेत. त्यांनी एका नजरेत सांगितलं, “भावजी, आपण हिरव्यात. बुधवारी.” बुधवारी आम्ही दोन्ही घरांनी पहाटे चारला उठून पिंपं घासली, मोटार लावली, आणि वाट बघत बसलो.

पाणी गुरुवारी रात्री आलं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कार्ड ठोकणारा,
साखर पेठ, सोलापूर

(नाव छापू नये. पोरगा नोकरी शोधतोय.)